हाताआधी कान
नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर चाकाचा हब ओळखताना

लातूरहून नांदेडला निघालं की चाकूर मागे पडेपर्यंत गाडीत गप्पा चालू असतात. मग रस्ता मोकळा होतो, काटा ऐंशीच्या पुढे सरकतो आणि मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणतं, "काहीतरी घुमायलंय बघा." काचा वर घेतल्या जातात, गाणं बंद होतं. वेग साठवर उतरला की आवाज खाली बसतो, नव्वदला गेला की पुन्हा चढतो. चालवणाऱ्याला तो टायरचा वाटतो, शेजारच्याला रस्त्याचा. लोहा जातं, नांदेड येतं, गाडी शहराच्या गर्दीत तीस-चाळीसवर येते. आवाज विरतो आणि त्याच्याबरोबर विषयही संपतो.

वेगाबरोबर चढत जाणाऱ्या अशा घुमण्याचं एक अगदी नेहमीचं कारण म्हणजे चाकाच्या हबमधलं झिजलेलं बेअरिंग. बिघाड गंभीर आहे, पण तो एका दिवसात होत नाही. महिनोन्‌महिने तो स्वतःची खबर देत राहतो. ती खबर ऐकणारा मिळाला तर एका चाकाच्या कामात प्रकरण मिटतं. नाहीतर आधी टायर बदलले जातात, मग अलाइनमेंट होते, मग सस्पेन्शन खोललं जातं, आणि एवढं होऊनही गाडी घुमतच असते.

तुळजापूर, औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड आणि पुढे यवतमाळ-वर्ध्यावरून बुटीबोरीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ चौपदरी झाल्यापासून या भागातल्या माणसाला हा आवाज जास्त जाणवू लागला. जुना रस्ता उखडलेला होता. त्यावर साठच्या पुढे जायची सोय नव्हती आणि खड्ड्यांच्या आदळआपटीत बारीक घुमणं ऐकू येणं शक्यच नव्हतं. रस्ता सुधारला म्हणून बेअरिंगं जायला लागली, असा समज काही जणांनी करून घेतला आहे. तो खरा नाही. बेअरिंगं आधीही जात होती, आता ती ऐकू यायला लागली आहेत.

चाक ज्या पोलादी तबकडीवर चार-पाच बोल्टांनी आवळलेलं असतं, ती तबकडी म्हणजे हब. ब्रेकची डिस्क किंवा ड्रमही तिच्यावरच बसतो. हब फिरतो, त्याला धरून ठेवणारा नकल फिरत नाही. या दोघांच्या मध्ये बेअरिंग असतं: बाहेरची रेस, आतली रेस, मध्ये गोळ्यांच्या दोन ओळी, ग्रीस आणि दोन्ही तोंडांना रबरी सील. त्या चाकावरचा गाडीचा भार, ब्रेकचा झटका, वळणावरचा बाजूचा रेटा, खड्ड्यातला आपट, सगळं या लहानशा कड्यातून जातं. बेअरिंग मुठीत मावेल एवढं असतं. ते लाखभर किलोमीटर टिकतं याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

आज पन्नाशी-साठीत असलेले मिस्त्री ज्या गाड्यांवर शिकले, त्या जीपसारख्या जुन्या दणकट गाड्यांच्या पुढच्या चाकांत वेगळी रचना होती. एका चाकात दोन बेअरिंगं, आतलं मोठं, बाहेरचं लहान, आणि दोन्हींत निमुळते रोलर. ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांत ती आजही दिसते. निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट अमेरिकेत १८९८ मध्ये हेन्री टिमकेन या घोडागाड्या बनवणाऱ्या कारखानदाराने घेतलं. ओझं आणि वळणावरचा बाजूचा रेटा एकाच बेअरिंगने पेलावा, हा त्यामागचा विचार. या रचनेत नट आवळून चाकाचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, सेट करता येतो. झीज झाली की चाकाला प्ले येतो, चाक डुलायला लागतं. मिस्त्री जॅक लावतो, चाक वर-खाली धरून हलवतो. खटखट लागली की कॅप काढायची, ग्रीस बदलायचं, नट आवळायचा, किंचित सैल करायचा, स्प्लिट पिन घालायची. हे सगळं निदान हाताने होत होतं आणि ते अचूक होतं.

आजच्या छोट्या मोटारीत ही सोय उरलेली नाही. बेअरिंग सीलबंद असतं. ग्रीस कारखान्यात एकदाच भरलेलं, प्ले सेट करायला जागा नाही. गोळ्या आणि रेस थोड्याशा दाबात, एकमेकांना घट्ट टेकून बसवलेल्या असतात. त्यामुळे अशा बेअरिंगचा बिघाड वेगळ्या क्रमाने होतो. आधी रेसच्या पृष्ठभागावरून पोलादाचे बारीक कपचे निघतात, खड्डे पडतात, आवाज सुरू होतो. प्ले यायला त्यानंतर बराच काळ जातो, आणि तो हाताला लागतो तेव्हा बेअरिंग शेवटाला आलेलं असतं.

म्हणजे जुन्या गाडीत हात आधी सांगायचा, नव्या गाडीत कान आधी सांगतो. माझ्या मते आपल्याकडच्या निम्म्याअधिक चुकीच्या निदानांचं मूळ इथे आहे. मिस्त्री चाक जॅकवर घेतो, जोर लावून हलवतो, ते केसभरही हलत नाही, आणि तो मनापासून सांगतो, "बेअरिंग ठीक हाय, टायर आवाज करायलेत." त्याची परीक्षा खोटी नाही, ती आधीच्या पिढीच्या हबसाठी होती. गिऱ्हाईक चार टायर घेतं आणि चाकूरच्या पुढे आवाज पुन्हा येतो.

हा आवाज नेमका कसा तयार होतो तेही पाहण्यासारखं आहे. छोट्या मोटारीच्या चाकाचा घेर साधारण १.८ ते १.९ मीटर. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे नऊ फेरे घेतं. बेअरिंगच्या एका ओळीत डझनभर गोळ्या धरल्या, तर बाहेरच्या, स्थिर रेसवरच्या एका खड्ड्यावरून चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात पाचेक गोळ्या जातात, कारण गोळ्यांचा घोळका चाकाच्या निम्म्याहून कमी गतीने पुढे सरकतो. म्हणजे सेकंदाला चाळीस-पन्नास ठोके. कानाला ते सुटे ऐकू येत नाहीत. शेतातल्या डीपीजवळ उभं राहिल्यावर येते तशी सलग घुर्रघुर्र ऐकू येते. वेग वाढला की ठोके वाढतात, सूर चढतो. इंजिनाचा आवाज गिअरनुसार बदलतो, हा बदलत नाही. तो फक्त चाकाच्या वेगाला बांधलेला असतो.

म्हणून पहिली तपासणी रस्त्यावर, चालत्या गाडीत करायची. टायरमधली हवा आधी बरोबर करून घ्यावी. सकाळची कमी रहदारीची वेळ, काचा बंद, पंखा बंद. ऐंशीच्या आसपास गाडी न्यूट्रलवर आणावी. इंजिन मात्र बंद करू नये, नाहीतर स्टीअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत जाते. इंजिन मंद झालं तरी घुमणं तसंच राहिलं, तर दोष चाकांच्या बाजूला आहे. मग रस्त्याकडे लक्ष द्यावं. मराठवाड्यातल्या बऱ्याच मार्गांवर आता डांबर आणि सिमेंट आळीपाळीने येतं. सिमेंटवर टायर जास्त गातो, डांबरावर गाडी आली की आवाज एकदम पालटतो. बेअरिंगच्या घुमण्याला मात्र खालच्या रस्त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. पट्टा बदलल्याबरोबर आवाजाचा पोत बदलला तर संशय टायरवर, तोच सूर दोन्हीकडे चालू राहिला तर हबवर.

पुढची पायरी वळणाची. मोकळ्या, सरळ, दोन्ही बाजूंना जागा असलेल्या रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगात स्टीअरिंग हलकेच डावीकडे, मग हलकेच उजवीकडे न्यावं. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर जातो, उजवीकडे वळते तेव्हा डाव्यांवर. डावीकडे वळताना आवाज वाढला आणि उजवीकडे वळताना दबला, तर उजव्या बाजूचं बेअरिंग तपासायचं. उलट असेल तर डावं. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात आणि तिथे गाडी सतत उजवीकडे वळत राहते, म्हणजे डाव्या चाकांवर भार येतो. पण तिथल्या गर्दीत वेगच नसतो, त्यामुळे गोलाईत ही परीक्षा होत नाही. ती महामार्गाच्या लांब, सौम्य वळणावरच होते. या परीक्षेवर पूर्ण भरवसाही ठेवू नये. बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन ओळी असतात, आणि खराब ओळ कोणती यावर उत्तर कधीकधी उलटंही येतं. शिवाय गाडीच्या पत्र्यातून आवाज फिरतो, मागच्या चाकाचा आवाज पुढून आल्यासारखा भासतो. वळणाने बाजूचा अंदाज मिळतो, निकाल गाडी उचलल्यावरच लागतो.

टायरला निर्दोष ठरवायचं एक साधं काम गॅरेजला जाण्याआधी होऊ शकतं. टायरच्या नक्षीवरून तळवा एकदा पुढे, एकदा मागे फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने टोचरा लागला, किंवा थोड्या थोड्या अंतरावर खोलगट चट्टे जाणवले, तर आवाज टायरचा असू शकतो. खात्री करायची तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावून पुन्हा त्याच रस्त्याने जावं. आवाजाची जागा किंवा सूर बदलला तर दोषी टायर. काही फरक पडला नाही तर नव्या टायरवर पैसे घालायची गरज नाही. पंक्चरच्या दुकानात अर्ध्या तासात होणारं हे काम चार टायरांचा खर्च वाचवतं, म्हणून मी ते प्रत्येकाला सांगतो.

आता जॅक. गाडी सपाट जागेवर, उरलेल्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावलेले, आणि उचललेल्या गाडीखाली स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. एका हाताने चाक फिरवावं आणि दुसऱ्या हाताची बोटं स्प्रिंगच्या वेटोळ्यावर ठेवावीत. मला सर्वांत भरवशाची वाटते ती हीच तपासणी. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना लागते, कानाला आवाज येत नसला तरी. पुढच्या चाकांत ब्रेकचे पॅड घासतात आणि त्याचा आवाज मिसळतो, म्हणून संशय दाट असेल तर कॅलिपर काढून पाहावं. दुसऱ्या बाजूचं चाकही तसंच फिरवून तुलना करावी. एकट्या चाकाच्या अनुभवावरून निर्णय घेण्यापेक्षा दोन्हींतला फरक जास्त बोलका असतो.

मग हलवून पाहणं. चाक वर आणि खाली धरून हलवल्यावर प्ले लागला तर लगेच बेअरिंगवर शिक्का मारू नये, लोअर आर्मचा बॉल जॉइंट झिजला तरी चाक असंच हलतं. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावं. ब्रेक दाबल्यावर हब आणि नकल एकमेकांना जखडले जातात. तेव्हा प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा होता. तसाच राहिला तर दोष बॉल जॉइंटमध्ये किंवा सस्पेन्शनच्या दुसऱ्या सांध्यात. पुढचं चाक डावी-उजवीकडे धरून हलवल्यावरच प्ले लागत असेल तर टाय रॉडचं टोक किंवा स्टीअरिंगचा रॅक तपासायचा.

गाडी गिअरमध्ये टाकून उचललेलं चाक इंजिनावर फिरवणं आणि लांब पेचकस नकलला टेकवून त्याची मूठ कानाला लावणं, हा जुना प्रकार अजून चालतो. पेचकसाने ऐकणं चांगलंच आहे. मात्र एकच चाक उचललेलं असेल तर डिफरन्शियलमुळे ते काट्यावर दिसणाऱ्या वेगाच्या दुप्पट फिरतं. काटा चाळीस दाखवत असेल तेव्हा चाक ऐंशीने फिरत असतं आणि शेजारी माणूस बसलेला असतो. हे काम लिफ्टवर, दोन्ही चाकं मोकळी असतानाच व्हायला हवं.

काही आवाजांची गल्लत नेहमी होते. स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढताना कट-कट आली तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. गतिरोधकावर खडखड आली तर लिंक रॉड, बुश किंवा बॉल जॉइंट. ऐंशी-शंभरला स्टीअरिंग थरथरलं आणि ब्रेकचा संबंध नसेल तर आधी बॅलन्सिंग. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर आली तर डिस्क, आणि इथे हब पुन्हा चित्रात येतो. डिस्क दोनदा लेथवर फिरवून किंवा नवी टाकूनही थरथर परत येत असेल, तर हबच्या तबकडीचं तोंड पाहावं. तिथे गंज धरलेला असतो किंवा खड्ड्याच्या आपटीने तबकडी वाकलेली असते. डायल गेजने मोजल्यावर हबच्या तोंडाची लहर साधारण ०.०५ मिलिमीटरच्या आत असावी लागते. डिस्कच्या काठापर्यंत जाताना तेवढीशी लहरही वाढत जाते. लातूर-नांदेडच्या किती गॅरेजांत डायल गेज वापरात आहे, हा प्रश्न गिऱ्हाइकांनी विचारायला सुरुवात केली पाहिजे.

एप्रिल २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना एबीएस बंधनकारक झालं आणि बेअरिंगला आणखी एक भाषा मिळाली. बऱ्याच गाड्यांत चाकाचा वेग मोजणारं चुंबकीय कडं बेअरिंगच्या सीलमध्येच असतं. हब डुलायला लागला की सेन्सर आणि कड्यातलं अंतर हलतं आणि एबीएसचा दिवा लागतो. पाण्यातून गाडी गेल्यावर असा दिवा लागला की सेन्सर बदलायचा सल्ला मिळतो. घुमणं आणि दिवा एकाच वेळी आले असतील तर आधी बेअरिंग पाहावं.

बेअरिंग अकाली का जातं, याचं उत्तर आपल्या रस्त्यांवर, पावसात आणि ओझ्यात आहे. पाण्यापासून सुरुवात करतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात पुराने गावं वेढली, सप्टेंबरात मांजरा आणि तेरणेच्या काठांवर पाणी पसरलं. पुराचं वर्ष नसलं तरी पावसाळ्यात सखल पुलांवरून पाणी वाहतं आणि गाड्या त्यातून काढल्या जातात. लांबून वेगात आलेल्या गाडीचा हब गरम असतो. तो एकदम गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून गढूळ पाणी आत खेचलं जातं. सील थोडं झिजलेलं असेल तर हमखास. त्या दिवशी काहीच कळत नाही. ग्रीसमध्ये मिसळलेलं पाणी रेसवर गंजाचे ठिपके पाडतं आणि घुमणं दिवाळीनंतर सुरू होतं. तोवर पुलावरचं पाणी कुणाच्या लक्षात नसतं. वॉशिंग सेंटरवर दाबाचा फवारा थेट हबच्या मागे सीलवर मारला जातो, त्यानेही हेच होतं. पाण्यात शिरण्याआधी काही किलोमीटर हळू चालवावं, ब्रेक कमी वापरावा. आणि फवारा चाकाच्या मध्यावर धरू नको, असं धुणाऱ्या पोराला नीट सांगावं.

दुसरा शत्रू ओझं. बेअरिंगच्या आयुष्याचं गणित लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन या स्वीडिश अभियंत्यांनी १९४७ मध्ये मांडलं. गोळ्यांच्या बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. भार सव्वापट झाला की आयुष्य जवळपास निम्मं होतं, दुप्पट झाला की आठवा हिस्सा उरतो. काळी-पिवळीत दाटीवाटीने बसलेली माणसं, छोट्या मालगाडीत सोयाबीनची क्षमतेपेक्षा जास्त भरलेली पोती, मांजरा कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या, या सगळ्यांच्या चाकांना थोड्याफार फरकाने हाच नियम लागू आहे. मालक डिझेलचा आणि हप्त्याचा हिशेब मांडतो, या घनाचा मांडत नाही. मोटारीतही हेच दुसऱ्या वाटेने होतं. गाडीला शोभा यावी म्हणून बाहेर आलेली रुंद अलॉय चाकं आणि स्पेसर लावले जातात. भार बेअरिंगच्या मध्यापासून दूर सरकतो आणि तोच भार जास्त तरफेने बेअरिंगला पिळतो. असं चाक बसवून घेणाऱ्या तरुणाला एवढं सांगणं हे ते काम करून देणाऱ्याचं कर्तव्य आहे.

तिसरं कारण काळी जमीन. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ता लाटांसारखा उठतो-बसतो. गाव-शिवारातल्या रस्त्यांची कडा तुटते, समोरून वाहन आलं की डाव्या बाजूची चाकं त्या कडेवरून खाली उतरतात आणि पुन्हा चढतात. प्रत्येक आपटीला गोळ्या रेसवर बारीक ठसे उमटवतात. या संदर्भात बेअरिंगच्या इतिहासातली एक गोष्ट मला फार आवडते. स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरात स्वेन विंगक्विस्ट नावाचा तरुण अभियंता एका कापड गिरणीत काम करत होता. गिरणीखालची चिकणमाती सरकायची, इमारत हलायची, लांबलचक शाफ्ट वाकडे व्हायचे आणि बेअरिंगं जायची. त्यातून त्याने शाफ्ट थोडा कलला तरी स्वतःला जुळवून घेणारं बेअरिंग घडवलं आणि १९०७ मध्ये एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. मोटारीच्या हबमध्ये ते बेअरिंग नसतं, पण हलणाऱ्या मातीशी झगडताना लागलेला तो शोध आज काळ्या मातीच्या मुलखात शेतीच्या यंत्रांत वापरला जातो.

चौथं कारण सांगताना मला वाईट वाटतं, कारण ते माणसाच्या हातचं आहे: चुकीची बसवणी. नवं बेअरिंग नकलमध्ये बसवताना दाब फक्त बाहेरच्या रेसवर यायला हवा. मग हब आत दाबताना आधार आतल्या रेसला हवा. दाब चुकीच्या रेसवर दिला की तो गोळ्यांमधून जातो आणि नव्या रेसवर पहिल्याच दिवशी ठसे उमटतात. हातोड्याने ठोकून बसवलेल्या बेअरिंगची गत तीच. असं बेअरिंग काही हजार किलोमीटरांत घुमायला लागतं आणि दोष कंपनीच्या माथी जातो. जुना हब बाहेर काढताना आतली रेस बऱ्याचदा हबवरच अडकते. ती कटरने कापताना हबच्या गुळगुळीत बैठकीला ओरखडा गेला किंवा रेस आधीच हबवर घुमून बैठक झिजलेली असली, तर हबही नवा टाकावा लागतो. झिजलेल्या बैठकीवर पंचाचे टिचके मारून किंवा पत्र्याची पट्टी घालून रेस घट्ट करण्याची युक्ती आपल्याकडे सर्रास चालते. ती करू देऊ नये. चुंबकीय कडं असलेल्या बेअरिंगला बाजू असते. ते उलटं बसलं की एबीएस बंद पडतं आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं.

शेवटचा नट तर फारच उपेक्षित आहे. बहुतेक छोट्या गाड्यांत एक्सलच्या नटाचा टॉर्क साधारण दीडशे ते अडीचशे न्यूटन-मीटरच्या पट्ट्यात असतो, नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकात असतो. या नटानेच आतल्या रेसचे दोन भाग एकमेकांना दाबून धरलेले असतात. तो सैल राहिला की नवं बेअरिंगही डुलतं. पाइप घालून अंदाजाने आवळलेला नट कधी सैल असतो, कधी जास्त घट्ट. टॉर्क पाना वापरा, नट नवा टाका, तो लॉक करा, आणि नट पूर्ण आवळल्याशिवाय गाडी चाकावर उभी करून ढकलू नका. गिऱ्हाइकाने तिथे उभं राहून एवढं पाहिलं तरी पुष्कळ. ज्या मिस्त्रीकडे हायड्रॉलिक प्रेस आणि टॉर्क पाना आहे, त्याने मजुरी थोडी जास्त घेतली तरी ती रास्त आहे.

बेअरिंग घेताना बनावट मालाचीही काळजी घ्यावी लागते. नामवंत कंपनीच्या खोक्यात भलताच माल विकला जातो. म्हणूनच एसकेएफसारख्या कंपन्यांनी माल खरा आहे का हे तपासण्यासाठी मोबाइल अ‍ॅप काढली आहेत. बिल घ्यावं, खोक्यावरचा आणि रेसवरचा क्रमांक जुळवून पाहावा.

दोष दर वेळी रस्त्याचा, ओझ्याचा किंवा मिस्त्रीचा असतो असंही नाही. २०१७ मध्ये मारुती सुझुकीने २३ फेब्रुवारी ते १० जुलै या काळात बनलेल्या २१,४९४ नव्या डिझायर गाड्या मागच्या चाकाच्या हबमध्ये दोष असण्याच्या शक्यतेवरून तपासणीसाठी बोलावल्या आणि सदोष भाग मोफत बदलून द्यायचं जाहीर केलं. कारखान्यातून आलेला हबही चुकू शकतो, हे त्यातून दिसलं. जुनी गाडी घेणाऱ्याने तिच्या चॅसिस क्रमांकावर अशी एखादी मोहीम होती का आणि ते काम झालं का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा सर्व्हिस सेंटरवर पाहून घ्यावं.

चाकाकडे कान लावण्याची शिस्त रेल्वेने फार पूर्वीपासून पाळली आहे. नांदेड हा दक्षिण मध्य रेल्वेचा विभाग. रेल्वेत गाडी स्थानकात शिरताना तपासनीस रुळांच्या दोन्ही बाजूंना थांबतात आणि सरकत्या डब्यांची चाकं बघतात, ऐकतात. गाडी थांबली की अ‍ॅक्सल बॉक्सचं तापमान घेतलं जातं. एक बॉक्स बाकीच्यांपेक्षा गरम लागला की तो डबा संशयित. बेअरिंग पूर्ण जाम झालं तर अ‍ॅक्सल वितळून तुटू शकतो, आणि ते भरधाव गाडीत होऊ द्यायचं नसतं. लातूरजवळ हरंगुळला मराठवाडा रेल्वे कोच कारखाना उभा राहिला, तिथून डब्याचा पहिला सांगाडा २५ डिसेंबर २०२० रोजी बाहेर पडला. चाकांचं हे शास्त्र आता आपल्या दाराशी आलं आहे. जवळच्या आयटीआयमधल्या पोरांना मोटारीच्या हबइतकंच अ‍ॅक्सल बॉक्सचंही बेअरिंग हाताळायला मिळावं, असं मला मनापासून वाटतं.

रेल्वेची तापमानाची रीत मोटारीलाही लागू पडते. तीस-चाळीस किलोमीटर महामार्गावर, शक्य तितका कमी ब्रेक वापरून जावं आणि थांबल्यावर चारही चाकांच्या मध्याजवळ हात न लावता आधी लांबूनच उष्णता जाणवून घ्यावी. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर उत्तम. पुढची दोन पुढच्यांशी, मागची दोन मागच्यांशी ताडून पाहावीत. एकच चाक जास्त गरम असेल तर दोन शक्यता राहतात: ब्रेक चिकटलाय किंवा बेअरिंग गेलंय. चाक मोकळं करून हाताने फिरवलं की त्यातली कोणती, ते कळतं.

घुमणं ऐकू आल्यावर अजून किती दिवस चालवता येईल, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. नुसता आवाज, प्ले नाही, उष्णता नाही, अशा अवस्थेत शहरातल्या कामापुरती गाडी हळू चालवून गॅरेज गाठता येतं. मात्र त्या अवस्थेत नांदेडहून पंढरपूर किंवा पुणे गाठायचा बेत करू नये. प्ले हाताला लागायला लागला, ब्रेकचं पेडल पहिल्या दाबाला खोल जाऊ लागलं (डुलणारी डिस्क पॅडना मागे ढकलते म्हणून हे होतं), आवाज घुमण्याऐवजी खरवडल्यासारखा येऊ लागला किंवा हब तापायला लागला, की गाडी आहे तिथेच उभी करावी आणि टोइंगचे पैसे द्यावेत. त्यापुढे हब जाम होतो किंवा चाकच सुटतं, आणि त्या वेळी मागच्या सीटवर आपलीच माणसं बसलेली असतात.

एका बाजूचं बेअरिंग बदलताना दुसऱ्या बाजूचंही बदलून घ्या, असा आग्रह होतो. मला तो पटत नाही. बेअरिंगं जोडीने झिजत नाहीत. डावं चाक तुटक्या कडेवर जास्त आपटतं, उजवं कमी. दुसरी बाजू स्प्रिंगवर बोटं ठेवून तपासावी, खरखर लागली तरच खोलावी, नाहीतर राहू द्यावी. काम झाल्यावर त्याच रस्त्याने, त्याच वेगाने, काचा बंद करून पुन्हा जावं. तरीही आवाज उरला असेल तर परत येऊन मिस्त्रीला सांगावं की चाक चुकलं, आता दुसरं तपासू. चार चाकांत एकदा चुकणं समजण्यासारखं आहे. पुन्हा न ऐकता पाना उचलणं मात्र चालणार नाही.